मागच्या सीटवरचा वास

गाडी चालवायला शिकले तेव्हा मला त्रेपन्नावं वर्ष लागलं होतं. हौस म्हणून शिकले नाही. साखरेनं माझ्या यजमानांच्या डोळ्यांचा पडदा खराब केला आणि डॉक्टरांनी त्यांची स्कूटर कायमची बंद केली. आमचं घर भाट्याच्या खाडीपलीकडे, दवाखाना शहरात, मधूनमधून कोल्हापूरची फेरी. दर वेळी कुणाच्या तरी दारात जाऊन 'जरा सोडता का' म्हणणं ह्यांच्या जिवावर यायचं. (मी त्यांना नावानं हाक मारत नाही आणि लिहितानाही 'हे'च येतं, त्याला इलाज नाही.) शेवटी मीच शिकायला गेले. शिकवणारे गृहस्थ शेजारी बसून 'काकू, क्लच! काकू, क्लच!' असं इतकं ओरडायचे, की घरी पोळ्या लाटतानासुद्धा माझा डावा पाय आपोआप दाबला जायचा.

नवशिक्या हाताला जुनीच गाडी बरी, असं सगळ्यांचं मत पडलं. मी पोस्टात नोकरी करते. माझ्या शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी सांगितलं, जयगडच्या अलीकडे एका वाडीत पांढरी छोटी गाडी विकायची आहे. बंदरात कामाला असलेल्या माणसाची. तो वारला होता. गाडी रीतसर त्याच्या बायकोच्या नावावर झाली होती आणि सव्वा वर्ष घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

कागदपत्रं आधीच झाली होती. गाडी आणायला ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आम्ही दोघं गेलो तेव्हा भर दुपार होती. ती बाई पस्तिशीची असेल. सारखी रस्त्याकडे बघत होती. तिनं उभ्याउभ्याच पाणी दिलं.

"आजच नेणार ना?" तिनं विचारलं.

"हो, त्यासाठीच आलोय."

"मग लवकर न्या. घरात आत्ता कुणी नाहीये."

मला वाटलं, नवऱ्याची वस्तू दारातून जाताना घरच्यांनी बघायला नको, म्हणून म्हणत असेल. मेकॅनिकनं नवी बॅटरी जोडली, दोनदा खाकरून गाडी सुरू झाली. नवरा कशानं गेला, हे मी तिला विचारलं नाही. नवी वस्तू हातात येत असते तेव्हा माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत, आणि सुचले तरी तो ते बाजूला सारतो. निघताना मागं वळून पाहिलं. रिकाम्या शेडचा खांब धरून ती उभी होती आणि ओढणीचं टोक तिनं तोंडात कोंबलं होतं.

घरी आणून उजेडात पाहिली तेव्हा गाडीची खरी दशा कळली. शेड अर्धवट, त्यामुळे गाडीचं नाक बाहेर राहिलेलं, त्यावर आंब्याचा चीक पडून काळे डाग धरलेले. खाऱ्या वाऱ्यानं दारांच्या कडा गंजायला लागलेल्या. चाकांच्या वरच्या पोकळीत तांबडी माती थराथरानं बसलेली. पुढचे दिवे म्हाताऱ्याच्या डोळ्यांसारखे पिवळट. आत पुढच्या सीटांवर पांढरी बुरशी.

"धुवायला बाहेर देऊया," हे म्हणाले.

"घरात कमी वस्तू आहेत का?" मी म्हटलं. आयुष्यभर तांब्याची भांडी चिंचेनं आणि काचेच्या बरण्या राखेनं घासलेल्या बाईला गाडीची काय मातब्बरी! आणि खरं सांगायचं तर मला ती माझ्या हातानं माझी करायची होती.

ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. रविवारी सकाळी मी दोन बादल्या घेतल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. कपड्यांचा साबण रंगाला बाधतो म्हणून डोक्याला लावायच्या शाम्पूच्या पुड्या घातल्या. जुन्या सुती साडीचे तुकडे केले. आधी नुसतं पाणी मारून माती सुटू दिली, कारण कोरडी माती फडक्यानं चोळली की रंगावर ओरखडे उठतात. मग टपापासून खाली येत गेले. चिकावर खोबरेल तेल चोपडून अर्धा तास ठेवलं, तो मऊ होऊन सुटला. दिव्यांवर दात घासायची पेस्ट लावून गोल गोल घासली; अगदी नव्यासारखे झाले नाहीत, पण निवळले. चाकांच्या फटी जुन्या टूथब्रशनं. काचांना पाण्यात थोडं व्हिनेगर, वरून वर्तमानपत्राचा बोळा. संध्याकाळी ह्यांनी गाडीवरून हात फिरवला. डोळ्यांनी धूसर दिसतं म्हणून ते हल्ली सगळं हातानं बघतात.

"गुळगुळीत झाली गं," ते म्हणाले. मग दार उघडून आत वाकले आणि तसेच थांबले. "मागं कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. का?"

"वास येतोय कुणाचा तरी."

मीही वाकले. बुरशीचा वास होता, बंद जागेचा होता, आणि त्याच्या खाली आणखी एक, जळका, उग्र, जरासा गोडसर. मला तो कुठंतरी माहीत होता, पण नाव सापडेना. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना बोलावलं. त्यांनी एकदाच हुंगलं.

"मशेरी आहे ही. माझी सासू लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात आणि दाताला चोळतात."

"पण गाडी तर पुरुषाची होती."

"पुरुषाच्या गाडीत बाई बसत नाही होय?" त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

तिथून माझं त्या वासाशी जुंपलं. आधी बुरशीचा बंदोबस्त केला. सीटा व्हिनेगरच्या पाण्यानं पुसल्या, चारी दारं उघडी टाकून दोन दिवस ऊन दिलं. पायपुसण्या रिठ्याच्या पाण्यात भिजवून ब्रशनं घासल्या आणि अंगणाच्या दगडी गडग्यावर वाळत टाकल्या. मग मागच्या सीटवर खायचा सोडा जाड पसरला, दुसऱ्या दिवशी झाडून काढला. चुलीतले कोळसे टोपलीत घालून आत ठेवले. उकळलेल्या चहाचा चोथा वाळवून पुरचुंड्या बांधल्या. कापलेली लिंबं ठेवली. दोनतीन दिवस वास नसायचा. मी निर्धास्त व्हायचे. मग पोस्टाबाहेर उन्हात गाडी तापायची, पाच वाजता मी दार उघडायचे, आणि मागून कुणीतरी तोंड उघडल्यासारखा तो वास यायचा.

डिसेंबरात आणखी एक झालं. त्या दिवसांत सकाळी खाडीवर धुकं असतं आणि गाडीच्या काचा आतून धुरकटतात. एका सकाळी मागच्या डाव्या काचेवर मला चार बोटं दिसली. बाहेरचं दिसावं म्हणून कुणीतरी आतून काच पुसावी, तसे चार आडवे पट्टे. धुरकट काचेत तेवढे पट्टे स्वच्छ.

"तुम्ही मागं बसला होतात?" मी ह्यांना विचारलं.

"मी कशाला मागं बसू?"

मी व्हिनेगर लावून काच पुसली. चार दिवसांनी पुन्हा धुकं पडलं, पुन्हा चार बोटं. मला कारण कळत होतं. हाताचं तेल काचेवर बसलेलं असतं, एरवी दिसत नाही, वाफ धरली की तेवढी जागा सोडून धरते. सगळं कळत होतं, तरी अंगावर काटा यायचा राहिला नाही. बोटं बारीक होती, आणि खालच्या बाजूला होती. उंच माणसाची नव्हेत.

एकटी असताना मी आतला आरसा थोडा वर करून ठेवायला लागले, म्हणजे मागची सीट दिसू नये. गाडी उन्हातून सावलीत आली की मागच्या दाराचा पत्रा 'टक्' करून वाजायचा. ते पत्र्याचं आकसणं असतं, हेही मला माहीत होतं. एका दुपारी मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेले होते. गाडी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लावली, पिशवी घेतली, उतरले आणि दार लावता लावता मागच्या सीटकडे बघून म्हणाले, "आलेच हं." म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. बांगडे घेऊन परत आले तेव्हा किल्ली भोकात जाईना.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"मीही बोलतो कधीकधी," ते म्हणाले. "तू दुकानात गेलीस आणि मी गाडीत थांबलो, की. दिसत तर काही नाही मला. पण मागं कुणीतरी गप्प बसलंय असं वाटतं. वाट बघत असल्यासारखं."

"मग विकून टाकूया."

"छे. आधी नीट धुऊन बघ."

म्हणून जानेवारीत मी मेकॅनिककडून मागची सीट उचकटून घेतली आणि अंगणात आणली. तेव्हा मूळ सापडलं. सीटच्या शिवणीत, डाव्या कोपऱ्यात, काळी पूड गच्च बसली होती, बोटानं दाबून भरावी तशी. दाताला लावून झाल्यावर उरलेली मशेरी कुणीतरी तिथंच पुसत होतं, रोज, कितीतरी दिवस. मी दाभणानं ती खरवडून काढली. वाटीभर निघाली. मग आतला फोम काढून शाम्पूच्या पाण्यात बुडवला, पायानं तुडवला, तीन पाणी बदलली, चार दिवस उन्हात ठेवला.

आणि ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर, मागच्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, एक काळपट तेलकट डाग होता. तळहाताएवढा. गाडीत बसणारा माणूस पुढच्या सीटला धरून बसतो ना, तसा धरून धरून पडलेला. त्यावर भांडी घासायचा पातळ साबण, लिंबू आणि टूथब्रश घेऊन मी एक अख्खी दुपार बसले. डाग आधी तपकिरी झाला, मग पिवळा, मग गेला. गेला तेव्हा मला झालेला आनंद मला अजून आठवतो. मी ह्यांचा हात धरून त्या जागेवर ठेवला होता. "बघा, काही लागतंय का?"

"नाही," ते म्हणाले. "काहीच नाही."

शिमग्यापर्यंत गाडीतून सगळं गेलं होतं. वास, बोटं, डाग. मी आरसा पुन्हा सरळ केला.

मे महिन्यात त्या जयगडच्या बाईचा फोन आला. आवाज ओळखायला वेळ लागला.

"ताई, रागावू नका. एक मागणं आहे. सासूबाईंना एकदा गाडी दाखवायला आणाल का?"

मग तिनं सांगितलं. तिच्या नवऱ्याला तापाचं निमित्त झालं होतं. दवाखान्यात गेला तो परत आला नाही. तो गेल्यापासून त्याची आई रोज सकाळी शेडमध्ये जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसायची. दार लावून घ्यायची. मशेरीची डबी सोबत. दुपारी जेवायला हाक मारावी लागायची, जेवून पुन्हा आत. सव्वा वर्ष.

"मला बघवेना हो," ती म्हणाली. "वेड लागेल त्यांना असं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ती गाडी रोज दारात नको झाली होती. सासूबाई चार दिवसांसाठी मुलीकडे गेल्या होत्या, तेव्हा तुम्हाला बोलावलं. परत आल्या तर सांगितलं, गाडी दुरुस्तीला दिलीय."

"मग?"

"मग शोधतात. रस्त्यावर पांढरी गाडी उभी दिसली की जाऊन काचेवर टकटक करतात. परवा न सांगता एस.टी.त बसल्या आणि हातखंब्याला उतरल्या. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, तिथं गॅरेजं आहेत. हायवेवर एका गॅरेजातून दुसऱ्या गॅरेजात चालत होत्या, एवढ्या ट्रकांमधून. एका टपरीवाल्यानं बसवून ठेवलं, म्हणून सापडल्या. एकदा दाखवा, ताई. आहे, चांगल्या घरी आहे, एवढं दिसलं की शांत होतील."

फोन ठेवल्यावर मी अंगणात जाऊन गाडीकडे बघत राहिले. मनात एकच येत होतं, की ती वाटीभर पूड मी माडाच्या आळ्यात फेकून दिली होती.

तरीसुद्धा, आणि हे लिहायला मला लाज वाटते, दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी गाडी धुतली. पाहुण्यांकडे जाताना आपण स्वच्छ होऊन जातो, त्या सवयीनं. आतून पुसली, काचा लख्ख केल्या.

हे सोबत आले होते. वाडीत पोचलो तेव्हा सासू शेडच्या तोंडाशी जांभ्या दगडावर बसली होती. लहानखुरी, कमरेत वाकलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट. सून म्हणाली, "आये, बघा कोण आलंय. गाडी आलीय."

म्हातारी उठली. गाडीभोवती एक फेरी मारली. मागचं डावं दार तिनं बरोबर हिसका देऊन उघडलं; ते दार जरा अडतं, नव्या माणसाला उघडत नाही. आत बसली. दार लावून घेतलं. आम्ही तिघं बाहेर उभे. काचेतून दिसत होतं, तिनं हात पुढं करून ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर ठेवला. जिथं तो डाग होता नेमक्या त्याच जागी. हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग शिवणीत बोट घालून पाहिलं. मग मान खाली करून सीट हुंगली.

दार उघडून ती उतरली.

"ही न्हाय," ती म्हणाली.

"आये, हीच ती. आपलीच. नंबर बघा ना."

"नंबर मना काय वाचता येतंय? ही कुनाची तरी नवी गाडी हाय." मग माझ्याकडे वळून, पाहुणीशी बोलावं तशी, "चांगली हाय हो बाय तुमची गाडी. पन माज्या पोराची न्हाय ही."

मी म्हटलं, "मावशी, तीच आहे. मी धुतली. मी फार धुतली, म्हणून तुम्हाला ओळखू येत नाहीये."

तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. मला समजावल्यासारखं म्हणाली, "धुवायचीच. गाडी धुवायचीच गो. माजा पोर पन दर आयतवारी धुवायचा. माजं जुनं लुगडं घ्यायचा नि खोबरेल चोळायचा. म्हनून काय ती माज्या वळखीची ऱ्हायली न्हाय?" आणि जरा थांबून, "तुमाला दिसली कुटं तर सांगा."

सुनेनं तोंड फिरवलं. हे गाडीला टेकून उभे होते, त्यांना दिसत नव्हतं, पण सगळं कळलं होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला.

आम्ही गाडी परत द्यायची तयारी दाखवली. सून नको म्हणाली. "आता देऊन काय करू, ताई? त्यांना ती ओळखू येत नाही, आणि मला नकोय." तिचंही बरोबर होतं. निघताना म्हातारी पुढं आली आणि मला म्हणाली, "बाय, तू गाडी चालवतंस?"

"हो."

"मग मना घेऊन चल एकदा. शोदायला."

मी सुनेकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. नाही म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. पुढच्या रविवारी गेले. म्हातारी मागं बसेल असं वाटलं होतं, पण ती माझ्या शेजारी पुढं बसली. मागच्या सीटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही हातांनी समोरचा भाग धरून, नाक काचेला लावून ती प्रत्येक पांढरी गाडी न्याहाळायची. बंदराकडून येणारे ट्रेलर, रिक्षा, एस.टी. यांच्याकडे लक्ष नाही. पांढरी गाडी आली की म्हणायची, "हळू घे." मी हळू घ्यायचे. ती गाडी निघून जायची. "ही न्हाय," ती म्हणायची, आणि पुढं बघायची.

असे पाच-सहा रविवार गेले. ज्या गाडीला आम्ही शोधत होतो तिच्यातच आम्ही बसलो होतो, आणि ते मला एकटीला ठाऊक होतं. पहिल्या एकदोनदा ते मला असह्य झालं. सगळं सांगून टाकावं, तिचा हात धरून डॅशबोर्डवर आपटावा, असं वाटायचं. सांगून झालं होतं, तेही आठवायचं. मग मीही पांढऱ्या गाड्या बघायला लागले. खरंच बघायला लागले. चौकात एखादी उभी दिसली की माझेच डोळे आधी लकाकायचे, आणि मीच म्हणायचे, "मावशी, ती बघा."

पावसाळा लागला. एका रविवारी चाफे गावाच्या पुढं पावसानं इतका जोर धरला की पुढचं काही दिसेना. मी गाडी कडेला घेतली. टपावर पाऊस बडवत होता. काचा आतून धुरकटल्या. म्हातारीनं हात उचलला आणि बाजूच्या काचेवर चार बोटं आडवी ओढली. ती त्या पट्ट्यांतून बाहेर बघत म्हणाली,

"त्या दिशी पन असाच पाऊस व्हता."

मी इंजिन बंद केलं.

"ताप व्हता त्येच्या अंगात. मी बोललू, दुसऱ्या कुनाला चालवाया सांग. तर बोलला, आये, तू बस मागं, मी नेतंय. मी मागं बसलू. त्येच्या खांद्याला हात लावून बसलू. खांदा असा तापलेला, भाकरीच्या तव्यावानी. वाटेत मना बोलला, आये, हात काडू नको, बरं वाटतंय."

पाऊस चालूच होता.

"दवाखान्याच्या दारात गाडी हुबी केली त्येनं. लोकं आली, त्येला आत न्हेलं. मना बोलली, म्हातारे, तू गाडीतच बस, पावसात भिजू नको. मी बसलू. मना काय ठाव? मी बसलू आपली. सांच्याला शेजारचा आला, तो पुडं बसला नि गाडी चालू केली. मी बोललू, माज्या पोराला येऊ दे. तो काय बोलंना." ती माझ्याकडे वळली. "मी हात काडला ना गो. ती लोकं आली तवा मी हात काडला."

"तुम्ही कुठं काढलात, मावशी. त्यांनी त्याला उतरवलं."

"व्हय," ती म्हणाली. "उतरवलंच."

तिच्या मांडीवरचा हात मी हातात घेतला. थंडगार होता आणि बोटांच्या टोकांना मशेरीचा काळा रंग होता. पाऊस जरा ओसरला. समोरून एक पांढरी गाडी दिवे लावून आली, आमच्या शेजारून गेली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"आज नको," ती म्हणाली. "घरी सोड मना. सून वाट बगत आसंल."

त्यानंतर तिनं शोधायला चल असं कधी म्हटलं नाही. सून सांगते, आता रस्त्यावर जाऊन काचा वाजवत नाहीत. शेडमध्ये सुनेनं लाकडं भरली आहेत. म्हातारी ओटीवर बसते, कधी शेजारणीकडे जाते. एकदा रडली म्हणे, पोटातून, जेवण टाकून. पोरगा गेला त्या दिवसापासून पहिल्यांदाच. सून घाबरून तिच्याजवळ गेली, आणि मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. तेही पहिल्यांदाच. सुनेनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात ती पहिल्या दिवसाची घाई नव्हती.

मी अजून जाते, महिन्यातून एखाद्या रविवारी. ह्यांना घेऊन. ओल्या काजूगरांच्या दिवसांत ती आमच्यासाठी काजूगर सोलून ठेवते. आम्ही ओटीवर बसतो, हे आणि ती तापाबद्दल, डोळ्यांबद्दल, पावसाबद्दल बोलत राहतात. तिला कधी मी ओळखू येते, कधी नाही. गेल्या खेपेला तिनं मला विचारलं, "तुला पोरं किती गो?" मी म्हटलं, नाहीत. आमची नाहीत, हे मी तिला याआधी कधी सांगितलं नव्हतं. मग पुढ्यातली काजूगरांची वाटी तिनं माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "खा."